लिंबू, मुतखडा आणि एक हरवलेले विकर

वैशाखातले ऊन म्हणजे काय, हे नांदेड-लातूरच्या माणसाला कुणी सांगायला नको. सकाळी दहा-अकरा वाजताच रस्ते ओस पडू लागतात, बैल सावलीला बांधले जातात, आणि रानातून गडीमाणूस घरी येतो तो घामाने निथळत. अशाच एखाद्या दुपारी घरातल्या कुणाच्या तरी कुशीत कळ उठते. साधीसुधी कळ नव्हे. माणूस अंथरुणावर गडबडा लोळतो. मग घरातली आजी चुलीवर हुलगे शिजत घालते, त्याचे कढण गाळून देते, वर तांब्याभर पाण्यात लिंबू पिळते आणि निदानही सांगून टाकते, "मुतखडा झालाय बाबा. पाणी कमी पितोस, दुसरं काय!"

वाचकहो, आजीच्या या निदानाला हसण्याचे कारण नाही. अंगातले पाणी घामावाटे गेले की लघवी दाट होते. दाट लघवीत क्षार विरघळून राहत नाहीत. त्यांचे कण बनतात आणि कणांचे खडे. २०१६ साली मांजरा धरण कोरडे पडले, तेव्हा एप्रिल महिन्यात लातूर शहरासाठी मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले. ज्या मुलखात प्यायचे पाणी आगगाडीत बसून येते, त्या मुलखात मुतखडा घरोघर ओळखीचा असावा, यात नवल ते काय?

परंतु कधी कधी आजीचे हे निदान अपुरे पडते. खडा होतो तो कामकरी पुरुषाला नव्हे, चार-पाच वर्षांच्या पोराला. एका मूत्रपिंडात नव्हे, दोन्हींत. काढला तरी वर्ष-दोन वर्षांत पुन्हा होतो. आणि मग कुणाला तरी आठवते की याच्या थोरल्या बहिणीलाही असेच झाले होते. इथे "पाणी कमी पितो" एवढे उत्तर पुरत नाही. हा खडा हवेमुळे झालेला नसून तो वारशाने आलेला असू शकतो. वरून पाहता दोन्ही खडे सारखेच, दोन्ही कॅल्शियम ऑक्सॅलेटचे. या दोहोंतला फरक माणसाला कसा कळला, आणि लिंबातले आम्ल या दोन्ही कथांत कसे येऊन बसले, त्याचा हा इतिहास आहे.

ही कथा सुरू होते ती स्वीडन देशातल्या एका औषधविक्याच्या दुकानात. त्याचे नाव कार्ल विल्हेल्म शेले. मोठी प्रयोगशाळा नाही, विद्यापीठातली पदवी नाही. पण हाती येईल तो पदार्थ उकळून, गाळून, चाळून पाहण्याचा नाद जबरदस्त. १७७६ साली त्याने मूत्राशयातल्या खड्यांची परीक्षा केली आणि त्यांतून यूरिक आम्ल वेगळे केले. त्याच सुमारास साखरेवर नायट्रिक आम्लाची क्रिया करून त्याने आणखी एक आम्ल मिळवले. पुढे १७८४ साली त्याला असे आढळले की हे साखरेपासून केलेले आम्ल आणि चुक्यासारख्या आंबट पाल्यातले आम्ल ही एकच वस्तू होय. हेच ऑक्सॅलिक आम्ल. आपण चुक्याची भाजी शेंगदाणे घालून खातो, तिच्या आंबटपणात याचा वाटा आहे. आणि त्याच १७८४ साली शेलेने लिंबाच्या रसात चुन्याचा क्षार टाकला, खाली बसलेला साका घेतला, त्यावर गंधकाच्या आम्लाची क्रिया केली, आणि स्वच्छ स्फटिक मिळवले. हे सायट्रिक आम्ल. वाण्याच्या दुकानात लिंबूसत्व म्हणून पुडीत मिळते ते हेच.

योग पाहा कसा आहे! खडा करणारे आम्ल आणि खडा अडवणारे आम्ल, दोन्ही एकाच माणसाच्या हातून एकाच वर्षी ओळखली गेली. परंतु ही दोघे पुढे माणसाच्या मूत्रपिंडात समोरासमोर उभी राहणार आहेत, हे शेलेला कळण्याचा काही मार्ग नव्हता. १७८६ साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी तो वारला.

मुतखड्याची विद्या आपल्या देशाला नवी नव्हती. सुश्रुतसंहितेत अश्मरी या नावाने या रोगाचे निदान आणि त्यावरची शस्त्रक्रिया, दोन्ही सविस्तर दिलेली आहेत. मात्र खडा कशाचा बनलेला आहे, हे सांगायला रसायनशास्त्र लागले. १७९७ साली विल्यम वोलास्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने निरनिराळ्या खड्यांचे पृथक्करण करून त्यांचे प्रकार लावले. तुतीच्या फळासारखा खडबडीत दिसणारा खडा कॅल्शियम आणि ऑक्सॅलिक आम्ल यांचा असतो, हे त्याने दाखवले. खडा कशाचा, ते कळले. खडा का, हे कळायचे होते.

त्यानंतर शंभर वर्षांनी लंडनमध्ये आर्चिबाल्ड गॅरॉड नावाचा एक डॉक्टर होऊन गेला. त्याच्याकडे अशी बाळे येत, ज्यांचे दुपटे लघवीने काळे पडे. या विकाराला अल्काप्टोन्यूरिया म्हणतात. इतर डॉक्टरांनी त्यात जंतू शोधले. गॅरॉडने वेगळीच गोष्ट विचारली: बाळाचे आईवडील एकमेकांचे कोण लागतात? पुष्कळ घरांत उत्तर आले की ते पहिल्या पिढीतली चुलत, मामे किंवा आते भावंडे आहेत. १९०२ साली त्याने हे प्रसिद्ध केले, आणि १९०८ साली व्याख्यानांतून पुढचा विचार मांडला. शरीर म्हणजे एक कारखाना आहे असे धरा. त्यात एका पदार्थाचा दुसरा, दुसऱ्याचा तिसरा असे रूपांतर चाललेले असते, आणि प्रत्येक पायरीवर एकेक कामगार नेमलेला असतो. या कामगाराला एन्झाइम किंवा विकर म्हणतात. एखादा कामगार जन्मतःच गैरहजर असला, तर त्याच्या पायरीवर माल तुंबतो आणि भलत्याच वाटेने बाहेर पडतो. असा विकार जंतूंनी होत नाही, पथ्य मोडल्याने होत नाही. तो आईबापांकडून येतो. अल्काप्टोन्यूरियातले ते विकर यकृतात खरोखरच नसते, हे प्रत्यक्ष सिद्ध व्हायला मात्र १९५८ साल उजाडावे लागले.

गॅरॉडचा हा प्रश्न आपल्या घरचा आहे, म्हणून इथे जरा थांबू या. मामाची मुलगी करण्याची रीत मराठवाड्यात अनेक समाजांत चालत आलेली आहे. डॉ. इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नातेसंबंधांवर आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात महाराष्ट्राची ही जागा नेमकी दाखवली आहे: उत्तरेकडे नात्यातले लग्न वर्ज्य, दक्षिणेकडे ते इष्ट, आणि महाराष्ट्र या दोहोंच्या सीमेवर. नांदेडला तेलंगणाची हद्द लागलेली आणि लातूरला कर्नाटकाची, त्यामुळे दक्षिणेची ही चाल आपल्याकडे चांगलीच रुळलेली. मुंबईत डॉ. एल. डी. संघवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली बारा समाजांतील अशा लग्नांच्या प्रमाणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. म्हणजे हा प्रश्न आपल्या शास्त्रज्ञांनी तेव्हाच हाती घेतला होता.

यातले गणित सोपे आहे. प्रत्येक विकराची कृती आपल्या पेशींत जनुकाच्या रूपाने लिहिलेली असते, आणि तिच्या दोन प्रती असतात: एक आईकडची, एक वडिलांकडची. एक प्रत खराब असली तरी दुसरीवर काम भागते. माणसाला जन्मभर पत्ताही लागत नाही. नवरा-बायको दोघांकडेही तीच एक खराब प्रत असली, तर मात्र प्रत्येक अपत्यात दोन्ही खराब प्रती एकत्र येण्याचा संभव चारांत एक. परक्या दोन घरांत अशी गाठ पडणे दुर्मिळ. पण आत्येभाऊ आणि मामेबहीण यांचे एक आजा-आजी सामाईक; त्या आजोबांची एखादी खराब प्रत दोन वाटांनी खाली उतरून नातवंडांच्या लग्नात पुन्हा भेटू शकते.

यातून दोन गोष्टी निघतात. नात्यातल्या बहुसंख्य लग्नांतून निरोगी मुले जन्मतात. तेव्हा घाबरून जाण्याचे कारण नाही. आणि दुसरी अधिक महत्त्वाची. असे आजारी मूल जन्मले की आपल्याकडे बोट जाते ते सुनेकडे. "हिच्याच पोटी असलं का?" हा प्रश्न अडाणीपणाचा तर आहेच, शिवाय गणितानेही चूक आहे. एक प्रत आईची असते तशी एक बापाची असते, दोन्ही लागतात. दोष लावायचाच तर तो कुणा एकाला लावता येत नाही.

आता आपल्या मुतखड्याकडे वळू. १९२५ साली फ्रान्समध्ये लेपूत्र नावाच्या डॉक्टरने एका मुलाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या मुलाला अनेक खडे होते, इतकेच नव्हे तर मूत्रपिंडाच्या मांसातही स्फटिक साचले होते. पुढे अशी मुले आणखी आढळली, आणि १९५७ साली लंडनच्या आर्चर, वॉट्स प्रभृतींनी या रोगाला प्राथमिक हायपरऑक्झॅल्यूरिया हे नाव रूढ केले. प्राथमिक याचा अर्थ असा, की यात ऑक्सॅलेट पालक-चुक्यातून येत नाही. मुलाचे स्वतःचे यकृतच ते प्रमाणाबाहेर तयार करते.

का करते? याचे उत्तर १९८६ साली लंडनजवळच्या हॅरो येथे ख्रिस्तोफर डॅनप्युअर आणि पॅट्रिशिया जेनिंग्ज यांनी दिले. यकृताच्या पेशीत पेरॉक्सिझोम नावाच्या चिमुकल्या खोल्या असतात. त्यांत ग्लायॉक्सिलेट या पदार्थाचे ग्लायसीन या निरुपद्रवी पदार्थात रूपांतर करणारे एक विकर काम करते. या मुलांत ते विकरच काम करीत नव्हते. ग्लायॉक्सिलेट तुंबले की त्याचे ऑक्सॅलेट होते. आणि ऑक्सॅलेट एकदा झाले की माणसाचे शरीर ते मोडू शकत नाही. ते बाहेर टाकायचे काम मूत्रपिंडावर पडते. मूत्रपिंड वर्षानुवर्षे हे काम करून थकते, त्यात खडे साचतात, आणि अखेर ते बंद पडते. मग ऑक्सॅलेट हाडांत, डोळ्यांत, हृदयात जाऊन बसते. गॅरॉडचा गैरहजर कामगार तो हाच.

डॅनप्युअर यांच्या पुढच्या शोधाने तर सगळेच चकित झाले. काही रुग्णांत हे विकर तयार होते, चांगले असते, पण चुकीच्या खोलीत जाऊन पडते. पत्ता चुकलेल्या टपालासारखे ते पेरॉक्सिझोमऐवजी मायटोकाँड्रियात जाते. आणि मायटोकाँड्रियात काय चाललेले असते? तिथे सायट्रिक आम्लाचे चक्र फिरत असते!

हे चक्र १९३७ साली इंग्लंडमधील शेफिल्डच्या विद्यापीठात हान्स क्रेब्ज यांनी विल्यम जॉन्सन या आपल्या विद्यार्थ्याबरोबर शोधून काढले. आपण खाल्लेली भाकरी, तेल, डाळ यांपासून शक्ती निर्माण करणारा हा रहाट आहे. त्यातला पहिला पोहरा म्हणजे सायट्रिक आम्ल. नेचर या प्रसिद्ध नियतकालिकाने क्रेब्ज यांचे टिपण परत पाठवले होते. पुढे १९५३ साली त्यांना याच कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे सायट्रिक आम्ल लिंबातच असते असे नाही. ते आपल्या बहुतेक सगळ्या पेशींत क्षणोक्षणी तयार होते आणि खर्च होते. त्यातले थोडे लघवीत उतरते, आणि तिथे आपल्याला न कळत राखण करते.

ही राखण कशी? खडा व्हायला कॅल्शियम आणि ऑक्सॅलेट यांची गाठ पडावी लागते. सायट्रेट आधीच कॅल्शियमला धरून ठेवते. या जोडीतून होणारा पदार्थ पाण्यात विरघळतो आणि वाहून जातो. शिवाय स्फटिक बनलेच, तर त्यांची वाढ सायट्रेट रोखते. ज्यांच्या लघवीत सायट्रेट कमी, त्यांना खडे होण्याचा संभव जास्त. या ज्ञानावर अमेरिकेतील डलास येथे चार्ल्स पाक यांनी पोटॅशियम सायट्रेटचा उपचार बसवला, आणि १९८५ साली तिथल्या सरकारने त्या औषधाला मान्यता दिली. लिंबाच्या रसात लिटरमागे सुमारे ४५ ते ५० ग्रॅम सायट्रिक आम्ल असते. १९९६ साली अमेरिकेतल्याच काही डॉक्टरांनी बारा रुग्णांना रोज लिंबाचे पाणी पाजून पाहिले, तेव्हा बहुतेकांच्या लघवीतले सायट्रेट वाढलेले दिसले. आजीच्या तांब्याला उशिरा का होईना, एक प्रशस्तिपत्र मिळाले म्हणायचे.

मग साहजिकच प्रश्न आला: ज्या मुलांच्या यकृतात विकरच नाही, त्यांनाही याचा उपयोग होईल काय? स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे एर्न्स्ट लॉयमान, बर्न्ड होप्पे आणि थॉमस नॉयहाउस यांनी प्राथमिक हायपरऑक्झॅल्यूरियाच्या रुग्णांना सायट्रेट देऊन पाहिले आणि १९९३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. लघवीत कॅल्शियम ऑक्सॅलेटचे स्फटिक होण्याची प्रवृत्ती कमी झाली. तेव्हापासून भरपूर पाणी, सायट्रेट आणि काही रुग्णांत ब-६ जीवनसत्त्व, ही या रोगाच्या उपचाराची पहिली फळी झाली. शेलेच्या दुकानात १७८४ साली ज्यांची ओळख पटली, ती दोन आम्ले अशी दोनशे नऊ वर्षांनी एका आजारी मुलाच्या औषधपत्रावर समोरासमोर आली.

परंतु इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. सायट्रेट गैरहजर कामगाराची जागा घेत नाही. ऑक्सॅलेट तयार व्हायचे ते होतच राहते. सायट्रेट फक्त त्याचा खडा होऊ देत नाही, मूत्रपिंडाला काही वर्षे मिळवून देते. त्या वर्षांची किंमत मोठी आहे, कारण दरम्यान विद्या पुढे जाते. विकर यकृतात असते, म्हणून १९८०च्या दशकात यकृत आणि मूत्रपिंड दोन्हींचे आरोपण सुरू झाले. नोव्हेंबर २०२० मध्ये ल्युमासिरान या औषधाला युरोप आणि अमेरिकेत मान्यता मिळाली; ते ग्लायॉक्सिलेट तयार करणारी आधीची पायरीच मंद करते. ही औषधे सामान्य घराच्या आवाक्यात नाहीत, हे खरे. पण पाणी आणि सायट्रेट आवाक्यात आहेत. आणि ती वेळेवर सुरू व्हायची तर रोग वेळेवर ओळखला जायला हवा.

म्हणून, वाचकहो, या इतिहासातून उचलायचे ते सांगतो. मोठ्या माणसाला उन्हाळ्यात एकदा खडा झाला, तर आजीचे म्हणणे ऐका: पाणी प्या, लिंबू पिळून प्या, मात्र सरबतात मीठ हात राखून घाला, कारण मिठाने लघवीतले कॅल्शियम वाढते. लिंबूसत्वाच्या पुडीने घरी उपचार करू नका. औषध म्हणून दिले जाते ते पोटॅशियम सायट्रेट, आणि ते डॉक्टरांनी रक्त-लघवी पाहून द्यायचे असते. 'क' जीवनसत्त्वाच्या गोळ्या म्हणजेही सायट्रिक आम्ल नव्हे. लिंबात दोन्ही असतात म्हणून लोक गल्लत करतात; परंतु त्या गोळ्या फार घेतल्या तर शरीरात उलट ऑक्सॅलेटच वाढते.

खडा लहान मुलाला झाला, दोन्ही बाजूंना झाला, पुन्हा पुन्हा झाला, किंवा भावंडांतही आढळला, तर मात्र हुलग्याच्या कढणावर थांबू नका. डॉक्टरांना स्वतःहून सांगा की आईवडील नात्यातले आहेत किंवा नाहीत. त्यात लाजण्यासारखे काही नाही. गॅरॉडला शंभर वर्षांपूर्वी त्याच एका उत्तराने वाट सापडली. चोवीस तासांची लघवी साठवून ऑक्सॅलेट आणि सायट्रेट मोजायला सांगा. आणि अशा मुलाला पाणी म्हणजे केवळ तहान भागवणे नव्हे, ते त्याचे औषध आहे. टँकरची वाट पाहण्याच्या दिवसांतही घरातला पहिला तांब्या त्याचा.

शेवटची एक गोष्ट, अगदी छोटी. लघवीवाटे खडा पडला की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो आणि तो फेकून देतो. तसे करू नका. कागदाच्या पुडीत बांधून तो डॉक्टरांकडे न्या. वारशाने आलेल्या रोगातला खडा पुष्कळदा फिकट आणि एकजिनसी असतो. तपासणाऱ्याला त्यावरूनही संशय येऊ शकतो. शेलेने आणि वोलास्टनने खड्यांवरच काम केले होते. आपल्या पुडीतला खडा कदाचित एवढेच सांगेल की पाणी जास्त प्या. पण एखाद्या घरात तो याहून मोठी गोष्ट सांगेल, आणि त्या घरातल्या धाकट्या लेकराला ती वेळेवर कळलेली असेल.